निरोगी गुडघा मोजताना

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की मलकापूर, नांदुरा, मोताळा या पट्ट्यातल्या मैदानांवर पहाटेची गर्दी वाढते. मुलांची १६०० मीटर धाव, मुलींची ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तयारी करणारी हीच मुले-मुली पुढे सैन्यदलाचे आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचेही अर्ज भरतात. तिथे वैद्यकीय तपासणीत गुडघ्यांची पाळी येते. केंद्रीय दलांच्या जाहिरातीत ‘नॉक नी’ (आत झुकून एकमेकांना टेकणारे गुडघे) नसावा, अशी अट स्पष्ट लिहिलेली असते. सैन्यदलाच्या निकषांत गुडघे जुळवून उभे राहिल्यावर दोन घोट्यांच्या आतल्या हाडांमधले अंतर पुरुषांत ५ सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८ सेंटिमीटरच्या वर गेले, तर उमेदवार अपात्र ठरतो. ज्याचा गुडघा कधी दुखला नाही, जो कित्येक महिने रोज धावला, त्याला इथे पहिल्यांदा कळते की आपला गुडघा मापात बसत नाही. एरवी वऱ्हाडातल्या गावात निरोगी गुडघा कोणी मोजत नाही. दवाखान्यात पोचतो तो दुखणारा गुडघा. म्हणून निरोगी माणसाच्या गुडघ्याचे माप नेमके किती असते, दोन्ही पायांत किती फरक चालतो, वाटी जागेवर आहे हे ठरवायचे कसे, हे प्रश्न केवळ फिजिओथेरपीच्या वर्गातले उरत नाहीत. एका आकड्यावर कोणाची तरी नोकरी अवलंबून असते.

या प्रश्नांवर गेल्या साठ वर्षांत झालेले काम एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे: हाडांची ठेवण आणि वाटीची जागा यांच्या मापांवर आपण त्यांच्या कुवतीपेक्षा फार जास्त भार टाकला आहे, आणि मांडीच्या स्नायूच्या ताकदीकडे त्या मानाने दुर्लक्ष केले आहे. निरोगी लोकांत डावा-उजवा फरक हा नियम आहे, अपवाद नव्हे. आणि ज्या मापाची चूक किती असू शकते हे मोजणाऱ्याने आधी तपासलेले नाही, त्या मापाने निरोगी माणसाला सदोष ठरवू नये. हे मत सर्वांना पटेल असे नाही. त्यावरचे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांची उत्तरे द्यावी लागतील.

आधी गुडघ्याची रचना थोडक्यात. वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत बसलेले हाड आहे, शरीरातल्या अशा हाडांत सर्वांत मोठे. वर चार भागांचा क्वाड्रिसेप्स स्नायू, खाली नडगीच्या वरच्या टोकावरच्या उंचवट्याला जोडणारा जाड पट्टा, आणि मागे मांडीच्या हाडाच्या टोकाची खाच, तिच्यातून वाटी वर-खाली सरकते. तिच्यामुळे स्नायूला तरफेचा फायदा मिळतो, पण त्याची किंमत वाटीमागच्या कूर्चेला मोजावी लागते. सपाट रस्त्यावर चालताना वाटीवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिना चढता-उतरताना तो तिपटीच्या वर जातो, आणि खोल बैठकीत त्याहूनही कितीतरी वाढतो. आता स्नायूची ओढ कमरेच्या बाजूने तिरकी येते आणि पट्ट्याची ओढ जवळजवळ सरळ खाली जाते. या दोन रेषांत कोन असल्यामुळे वाटीचा कल बाहेरच्या बाजूला सरकण्याकडे असतो. आतल्या बाजूचे स्नायूतंतू आणि खाचेची बाहेरची भिंत तिला धरून ठेवतात. यातूनच जुना सिद्धान्त निघाला: कोन मोठा, आतला स्नायू दुबळा, म्हणून वाटी बाहेर, म्हणून कूर्चेवर विषम दाब, म्हणून दुखणे. ही साखळी ऐकायला इतकी सुसंगत आहे, की तिची प्रत्येक कडी निरोगी लोकांवर तपासून पाहण्याआधीच ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

पहिली कडी कोनाची. स्वीडनमधल्या ब्राटस्ट्रॉम यांनी १९६४ मध्ये या कोनाची व्याख्या केली आणि क्वाड्रिसेप्सच्या आद्याक्षरावरून तो ‘क्यू कोन’ म्हणून रूढ झाला. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक, वाटीचा मध्य आणि नडगीवरचा उंचवटा या तीन खुणा बोटाने चाचपायच्या, त्यांतून दोन रेषा काढायच्या आणि गोनिओमीटरने कोन वाचायचा. यंत्र स्वस्त, पाच मिनिटांचे काम; त्यामुळे जगभर विद्यार्थ्यांवर, खेळाडूंवर, सैनिकांवर हे माप घेतले गेले. इटलीच्या आल्येत्ती आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ७५ निरोगी पुरुष व ७५ निरोगी स्त्रिया मोजल्या, तेव्हा सरासरी अनुक्रमे १४ आणि १७ अंश आली. १९८९ मध्ये हॉर्टन आणि हॉल यांना ५० पुरुषांत ११.२ आणि ५० स्त्रियांत १५.८ अंश मिळाले. दोन्ही अभ्यासांतल्या स्त्रियांच्या सरासऱ्या जवळजवळ आहेत, पुरुषांच्या जवळजवळ तीन अंशांनी लांब. सरासरीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो पसारा. हॉर्टन आणि हॉल यांच्या आकड्यांत स्त्रियांचे प्रमाण विचलन ४.५ अंश होते. पुस्तकांत पुष्कळदा २० अंश ही स्त्रियांसाठी वरची मर्यादा दिलेली असते. साधे गणित केले तर या निरोगी स्त्रियांपैकी सहातली एक त्या मर्यादेपलीकडे जाते. जी मर्यादा सहा निरोगी माणसांतल्या एकाला सदोष ठरवते, ती रोगाची मर्यादा नसून निरोगीपणाच्या पसाऱ्याची मनमानी कापणी आहे, असे मला वाटते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक ठाम समजूत आहे: स्त्रियांची कंबर रुंद, म्हणून त्यांचा कोन मोठा आणि गुडघा मुळातच कमकुवत. हॉर्टन आणि हॉल यांच्याच अभ्यासात कमरेच्या रुंदीने हा फरक समजावता आला नाही. पुढे २००५ मध्ये ग्रेल्सामर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्त्री-पुरुषांच्या कोनांत फरक सव्वादोन अंशांच्या आसपास आहे आणि त्यातला बराचसा उंचीतून येतो. सारख्या उंचीच्या स्त्री-पुरुषांचे कोन सारखेच निघतात. ज्या मुली भरतीसाठी धावत आहेत, त्यांना ‘बाईच्या गुडघ्याला हे झेपत नाही’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवे. हा गैरसमज नुसता चुकीचा नाही. त्याने मुली मैदानावरून घरी जातात.

आता मोजण्यातल्या चुकीकडे येऊ, कारण या विषयाचे मर्म तिथे आहे. वाटीच्या मध्यापासून नडगीच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर धरा, आणि कमरेच्या टोकापासून वाटीपर्यंतचे चाळीस. कमरेवरची खूण अर्धा सेंटिमीटर चुकली तर कोन पाऊण अंशानेही बदलत नाही. पण खालच्या उंचवट्यावरची खूण तेवढीच चुकली तर कोन सव्वाचार अंशांहून जास्त बदलतो, आणि वाटीचा मध्य चुकला तर दोन्ही रेषा हलत असल्याने बदल पाच अंशांपर्यंत पोचतो. वाटीचा मध्य बोटाने ठरवताना, वर कातडी आणि चरबी असताना, दोन-तीन मिलिमीटरांची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. फ्रान्स आणि नेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये नेमका हाच मुद्दा तपासून इशारा दिला होता. त्यात पडून मोजले की उभ्याने, स्नायू सैल की आवळलेला, पाऊल सरळ की बाहेर वळलेले, या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो. २००८ मध्ये स्मिथ, हंट आणि डॉनेल यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मोजण्याच्या पद्धतीवरच एकमत नसल्याचे आणि विश्वासार्हतेचे निष्कर्ष अभ्यासागणिक वेगळे असल्याचे समोर आले. म्हणजे एका दवाखान्यातले १६ अंश आणि दुसऱ्यातले १९ अंश हे एकाच गुडघ्याचे असू शकतात.

डाव्या-उजव्या फरकात ही चूक अधिकच सतावते, कारण तिथे दोन मापांची वजाबाकी असते आणि दोन्ही मापांच्या चुका त्या वजाबाकीत उतरतात. एका मापाची चूक, प्रमाण विचलनाच्या भाषेत, २ अंश मानली, तर दोन अगदी सारख्या पायांतही केवळ मोजण्यामुळे साडेपाच अंशांपर्यंत फरक दिसू शकतो. आणि पाय खरोखर सारखे नसतातच. कॅनडातल्या लोरी लिव्हिंग्स्टन यांनी नव्वदच्या दशकात दोन्ही पाय वेगवेगळे मोजण्याचा आग्रह धरला, तोवर अनेक अभ्यास एकाच पायाचे माप घेऊन ते दोन्हींचे समजत. डेन्मार्कच्या हान आणि फोल्डस्पांग यांनी १९९७ मध्ये ३३९ खेळाडू मोजले, तेव्हा दोन बाजूंचे कोन सारखे नव्हते. पुदुच्चेरीच्या शरीररचना विभागातल्या संशोधकांनी भारतीय प्रौढांत तोच प्रश्न घेतला आणि डाव्या-उजव्यात तफावत इथेही दिसली. बाइल, कोल आणि लिव्हिंग्स्टन यांच्या २००० सालच्या अभ्यासात तर एक मोलाचा धागा हाती लागतो: क्वाड्रिसेप्सची ताकद जितकी जास्त, तितका कोन कमी असण्याकडे कल. बळकट स्नायू वाटीला वर आणि आत ओढून घेतो. ज्याला आपण हाडांची ठेवण समजून मोजतो, त्या आकड्यात स्नायूही बोलत असतो. दोन्ही पायांच्या ताकदीत फरक असेल तर कोनातही फरक येईल, आणि तो फरक हाडांचा समजून आपण बदलता येण्याजोगी गोष्ट जन्मजात ठरवून टाकू.

कोनापेक्षा थेट वाटीच पाहावी, असा पर्याय ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये दिला. वाटी बाहेर सरकली आहे का, कलली आहे का, फिरली आहे का, हे हाताने व डोळ्यांनी बघायचे, आणि चिकटपट्टीने तिला जागेवर आणून व्यायाम द्यायचा. या पट्टीने अनेकांचे दुखणे काही काळ कमी होते, यात शंका नाही, आणि मॅककॉनेल यांचे या क्षेत्रावरचे ऋण मोठे आहे. पण वाटीच्या जागेचे निदान कितपत भरवशाचे? फिट्झजेराल्ड आणि मॅक्लुअर यांनी १९९५ मध्ये अशा चार चाचण्या तपासल्या. दोन तपासणाऱ्यांच्या मतैक्याचे ‘कप्पा’ हे माप ०.१० ते ०.३६ भरले, १ म्हणजे पूर्ण मतैक्य, ० म्हणजे नाणेफेकीइतके. ज्या पद्धतीत दोन अनुभवी हातांचे एकमेकांशी जमत नाही, तिने निरोगी मुलाला ‘तुझी वाटी सरकलेली आहे’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. हे वाक्य एकदा कानावर पडले की माणूस पायऱ्या टाळतो, उकिडवे बसणे सोडतो, आणि न वापरलेला स्नायू खरोखर दुबळा होतो.

एक्स-रेमध्ये बोटांची चूक नसते, तेव्हा तिथे तरी ठाम आकडा मिळेल, अशी अपेक्षा असते. ॲलन मर्चंट यांनी १९७४ मध्ये १०० निरोगी लोकांचे दोन्ही गुडघे, म्हणजे २०० गुडघे, वाकवलेल्या स्थितीत वरून टिपले आणि वाटी खाचेच्या किती मध्यावर बसते हे कोनात मोजले. सरासरी उणे ६ अंश आली, प्रमाण विचलन ११. दोन्ही बाजूंना दोन विचलने धरली, तर निरोगीपणाचा पट्टा उणे २८ पासून अधिक १६ पर्यंत, ४४ अंशांचा. निरोगी वाटीला बसायला इतकी ऐसपैस जागा आहे. वाटीच्या उंचीसाठी इन्सॉल आणि साल्वाती यांनी १९७१ मध्ये दिलेले गुणोत्तर सर्वांत प्रचलित आहे: खालच्या पट्ट्याची लांबी भागिले वाटीची लांबी. ते १ च्या आसपास असावे, १.२ च्या वर गेले तर वाटी ‘उंच’. हे मोजमाप न्यूयॉर्कमधल्या गुडघ्यांवरून निघाले. १९९६ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दक्षिण चीनमधल्या लोकांत आणि २०१३ मध्ये जबलपूरच्या उपाध्याय, रझा आणि श्रीवास्तव यांनी मध्य भारतातल्या प्रौढांत हाच प्रश्न तपासला, आणि दोन्हीकडे पाश्चात्त्य मर्यादा जशीच्या तशी लागू पडत नसल्याचे दिसले. आपल्याकडे वाटी सरासरीनेच थोडी उंच बसते. एक तर्क असा, की लहानपणापासून उकिडवे आणि मांडी घालून बसण्याने खालचा पट्टा ताणला जाऊन लांब होतो. तर्क पटण्याजोगा आहे, सिद्ध झालेला नाही. पण व्यवहारातला परिणाम स्पष्ट आहे. निंदणाला दिवसभर उकिडवी बसणारी मलकापूर तालुक्यातली बाई आणि मांडी घालून जेवणारा तिचा मुलगा यांच्या एक्स-रेवर १.२ ची रेघ ओढली, तर आजार नसताना आजाराचे नाव चिकटेल. जबलपूरचे गुडघे आपल्या बऱ्हाणपूर-मलकापूरच्या गुडघ्यांना न्यूयॉर्कपेक्षा नक्कीच जवळचे आहेत.

आता दुसरी कडी, स्नायूंची. १९६८ मध्ये लीब आणि पेरी यांनी आतल्या वास्टस मेडिॲलिस स्नायूचे तिरके तंतू वेगळे दाखवले, आणि तेव्हापासून ‘व्हीएमओ’ हा फिजिओंच्या तोंडी बसलेला शब्द झाला. वाटीला आत धरून ठेवणारा हाच, तो उशिरा जागा झाला तर बाहेरचा स्नायू वाटी ओढून नेतो, असे मांडले गेले. २००१ मध्ये कॉवन, बेनेल, हॉजेस, क्रॉसली आणि मॅककॉनेल यांनी ३३ दुखणाऱ्या व ३३ निरोगी माणसांना पायरी चढ-उतार करायला लावून स्नायूंचे विद्युत संकेत टिपले, आणि दुखणाऱ्यांत बाहेरचा स्नायू आधी सुरू होण्याचे प्रमाण जास्त दिसले. ही नोंद दुर्लक्षण्याजोगी नाही. मात्र २००८ मध्ये चेस्टर आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र ठेवले, तेव्हा निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते आणि निरोगी लोकांतही हा वेळेचा फरक मोठ्या प्रमाणात खाली-वर होत होता. शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता? स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये निरोगी गुडघ्यात खारे पाणी सोडून पाहिले: २० ते ३० मिलिलिटर भरताच आतला स्नायू मंदावला, बाहेरच्याला दुप्पट पाणी लागले. गुडघ्यात थोडीशी सूज आली तरी आतला स्नायू आधी झोपतो. मग दुखणाऱ्या माणसात दिसणारी विषमता दुखण्याच्या आधीची की नंतरची, हे दुखणाऱ्यांना मोजून कधीच कळणार नाही. निरोगी लोकांना मोजण्याचे खरे प्रयोजन इथे सुरू होते.

स्नायूचा आकार मोजण्यासाठी सगळ्यांच्या हाताशी टेप असतो, म्हणून मांडीचा घेर मोजतात. यातही सावध राहायला हवे. उजव्या मांडीचा घेर ५० सेंटिमीटर आणि डावीचा ४९ असेल, तर मांडीच्या एकूण क्षेत्रफळात फरक फक्त चार टक्के. पण हाड आणि चरबी दोन्हीकडे सारखी असून सगळी घट क्वाड्रिसेप्सची असेल, आणि त्या स्नायूचे क्षेत्रफळ ६५ चौरस सेंटिमीटर धरले, तर स्नायूतली घट बारा टक्के भरते. टेप मोठी घट छोटी करून दाखवतो. उलट बाजूने, टेप थोडा तिरका झाला किंवा वाटीपासूनचे अंतर एका बोटाने चुकले, की एक सेंटिमीटर असाच येतो. म्हणून ऑक्सफर्डमध्ये आर्ची यंग आणि मारिया स्टोक्स यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच सोनोग्राफीने स्नायूचा छेद मोजायला घेतला. त्याच मार्गाने गेलेल्या कॅलहॅन आणि ओल्डहॅम यांना २००४ मध्ये दुखणाऱ्या लोकांतही दोन पायांच्या स्नायूंत साडेतीन टक्क्यांच्या आतला फरक मिळाला आणि निरोगी लोकांपेक्षा तो ठळकपणे वेगळा ठरला नाही. आकारापेक्षा ताकद जास्त सांगते. सापेगा यांनी १९९० मध्ये दिलेला अंदाज अजून उपयोगी आहे: दोन पायांच्या ताकदीत दहा टक्क्यांपर्यंत फरक सर्वसाधारण, दहा ते वीस संशयास्पद, वीसच्या वर जवळजवळ नक्की बिघाड. ज्या पायाने चेंडू मारायचा, ज्या पायाने कबड्डीत झेप घ्यायची, तो थोडा वेगळा असणारच.

निर्णायक पुरावा मात्र पुढचा आहे. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात व्हिटव्रौव आणि सहकाऱ्यांनी शारीरिक शिक्षणाच्या २८२ निरोगी विद्यार्थ्यांना आधी मोजले आणि मग दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २४ जणांचे गुडघे पुढून दुखू लागले. कोणाचे दुखणार हे आधीच्या कोणत्या मापाने सांगितले? क्वाड्रिसेप्सचा ताठरपणा, स्नायूच्या प्रतिसादाची वेळ, उडीची ताकद आणि वाटीचा सैलपणा यांनी. क्यू कोनाने नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीत दीड हजारांहून अधिक निरोगी प्रशिक्षणार्थी आधी मोजून बोलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष काढले. तिथेही दुबळ्या स्नायूंचा धोका दिसला, क्यू कोनाचा नाही. २०१९ मध्ये नील आणि सहकाऱ्यांनी अशा आधी-मोजून-मग-पाहिलेल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सैन्यातल्या भरतीच्या तरुणांत क्वाड्रिसेप्सचा दुबळेपणा धोक्याचा ठरला. उंची, वजन आणि क्यू कोन ठरले नाहीत. मलकापूरच्या मैदानावर धावणारी मुले या तरुणांच्या सर्वांत जवळची आहेत. त्यांच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. रात्री दोन घोट्यांना दोरी बांधून, गुडघ्यांत उशी धरून झोपण्याने, व्हिडिओत दाखवतात तशा ओढाताणीने वाढ पूर्ण झालेल्या हाडाचा आकार बदलत नाही. मांडीची ताकद मात्र काही आठवड्यांत वाढते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत गंभीर: काहींची वाटी खरोखर निखळते, आणि त्यांच्यात ठेवणीची मापे फार महत्त्वाची असतात. मान्य. फ्रान्समधल्या ल्यों शहरात देजूर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून दाखवले, की वाटी निखळणाऱ्यांत खाच बहुधा उथळ असते आणि खाचेपासून नडगीच्या उंचवट्याचे आडवे अंतर पुष्कळदा २० मिलिमीटरच्या वर असते. शस्त्रक्रिया ठरवताना हे आकडे हवेतच. पण ते निखळलेल्या वाटीच्या संदर्भातले आकडे आहेत. निखळण्याचा इतिहास नसलेल्या माणसाला त्या पट्टीने चाळणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि मी बोलतो आहे ती तिच्याबद्दल. दुसरा आक्षेप असा, की बोटाची चूक टाळायला एमआरआय घ्यावा. एमआरआय बहुधा पडून, सैल पायाने घेतात. ख्रिस्तोफर पॉवर्स यांनी २००३ मध्ये उभ्या, भार घेतलेल्या पायात दाखवले, की तिथे वाटी हलण्यापेक्षा तिच्याखालचे मांडीचे हाड आत वळते. गाडी रुळावरून घसरत नाही, रूळच गाडीखालून सरकतात. पडलेल्या माणसाचे चित्र हे सांगत नाही, आणि जिना उतरणाऱ्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. खर्च तर वेगळाच.

तिसरा आक्षेप भरतीचा आहे. हजारो उमेदवार, थोडा वेळ, अवघड नोकरी. कुठेतरी रेघ ओढावीच लागणार. खूप वाकलेल्या पायांनी पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणे धोक्याचे, हेही खरे. रेघ असावी, यावर माझा वाद नाही. पण घोट्यांमधले अंतर मांडीच्या मांसलपणाने, पाय किती घट्ट जुळवले याने आणि टेप धरणाऱ्या हाताने बदलते. ५ सेंटिमीटरच्या आसपासच्या उमेदवाराला दुसऱ्या तपासणाऱ्याने, पहिला आकडा न बघता, पुन्हा मोजावे. आणि एका पायावरची बैठक किंवा उडी यांसारखी ताकदीची साधी चाचणी सोबत जोडावी. सीमेवरच्या एखाद्या मिलिमीटरने आयुष्याचा रस्ता बंद होऊ नये, एवढीच मागणी आहे, आणि ती दलाच्या हिताचीही आहे: सरळ पायाचा पण दुबळ्या मांडीचा जवान प्रशिक्षणात लवकर जायबंदी होतो.

चौथा आक्षेप उलट दिशेने येतो: मापे इतकी डळमळीत असतील तर निरोगी लोकांना मोजायचेच कशाला? मोजायचे, कारण आजवर निरोगी म्हणून मोजले गेले ते बहुतांशी महाविद्यालयातले विद्यार्थी, विशीतले, खुर्चीवर बसणारे, शहरातले. फिजिओथेरपीच्या शोधनिबंधांत ‘मलकापूर’ हे नाव पुष्कळदा भेटते, पण ते कऱ्हाडजवळचे, कृष्णा विद्यापीठाचे मलकापूर आहे. नळगंगेकाठच्या मलकापूरचे गुडघे वेगळे आयुष्य जगतात. कपाशीची वेचणी करणारी बाई कमरेची ओटी भरत जाईल तसा भार पुढे आणि एका बाजूला घेते. डवरणी करणारा एका सरीतून तासन्‌तास चालतो. फवारणीचा पंप पाठीवर असतो. शेगावहून पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणारे महिनाभर चालतात. या लोकांत किती विषमता असूनही गुडघा दुखत नाही, हा आकडा आपल्याला हवा आहे. गावपातळीवर असे काम होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन पाहणी सुरू केली, चार हजारांवर प्रौढ तपासले, आणि सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचे दुखणे असल्याचे नोंदवले. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून हे काम झाले. तिथे दुखणे मोजले. इथे दुखण्याआधीचा पाय मोजायचा.

त्याला लागणारे सामान मोठे नाही: टेप, गोनिओमीटर, पट्ट्याने बांधता येणारा हातातला ताकदमापक, एक खुर्ची, आणि जमल्यास सोनोग्राफीचे छोटे यंत्र. शिस्त मात्र मोठी लागेल. प्रत्येकाचे दोन्ही पाय मोजावेत, उभ्याने आणि पडून दोन्ही, प्रत्येक माप तीनदा. सुरुवातीला तीस-चाळीस जणांना दोघा तपासणाऱ्यांनी वेगवेगळे मोजून आपली चूक किती आहे ते ठरवावे, आणि ती चूक ओलांडणाऱ्या फरकालाच फरक म्हणावे. पहिला आकडा क्वाड्रिसेप्सच्या ताकदीचा घ्यावा, कोन आणि घेर नंतर. भरतीच्या मुलांची पहिली मोजणी सराव सुरू होण्याआधी आणि शेतावरच्या बायकांची पेरणीच्या आधी व्हावी. दुसरी मोजणी, वेचणी उरकल्यावर. मधल्या काळात ज्याचा गुडघा दुखू लागेल, त्याला त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा मोजावे, त्याच पद्धतीने, त्याच तपासणाऱ्याने, आधीची वही न उघडता.